वाचकांचे प्रश्न : जाळ्यापलीकडचा खेळाडू

टेनिसविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे बरीच मोठी होती, म्हणून त्यांतील प्रश्नाचा गाभा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : आम्ही सात-आठ निवृत्त मंडळी रोज सकाळी नेहरू पार्कात फिरून आल्यावर पोहे खाताना टेनिसवर वाद घालतो. आमच्यातील एका स्नेह्यांचे ठाम मत असे आहे की, फेडररला खेळ देवाने दिला, नदालने तो कष्टाने मिळवला आणि जोकोविचने तो यंत्रासारखा घोटून घेतला. मला ही वाटणी पटत नाही, पण खोडताही येत नाही. आपले मत काय?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : आपल्या स्नेह्यांची वाटणी सुटसुटीत आहे आणि सुटसुटीत मत खोडणे नेहमीच अवघड जाते. तरीही ती मला मान्य नाही, कारण तिच्यामुळे तिघांचेही निम्मे काम झाकले जाते.

फेडररपासून सुरुवात करू. त्याचा खेळ सहज दिसतो, कारण चेंडू येण्यापूर्वीच त्याचे पाय जागेवर पोचलेले असतात. पुढच्या वेळी त्याच्या एखाद्या जुन्या सामन्याचे चित्रण पाहाल तेव्हा चेंडूवरची नजर काढून त्याच्या बुटांकडे पाहा. फटक्याआधी तो चार-पाच अगदी बारीक पावले टाकतो आणि मग उभ्या-उभ्या मारल्यासारखा फटका मारतो. चेंडू निघून गेल्यावरही त्याचे डोके क्षणभर रॅकेट आणि चेंडू जिथे भेटले त्या जागेकडेच वळलेले राहते. ही सवय वर्षानुवर्षांच्या सरावाशिवाय अंगवळणी पडत नाही. २०२४ साली अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात त्याने स्वतःच सांगितले की, आपला खेळ लोकांना विनासायास वाटतो याचा आपल्याला त्रास होत असे. त्याच भाषणात त्याने एक हिशेब मांडला, तो आपल्या मंडळींना जरूर सांगा : कारकिर्दीत तो १५२६ एकेरी सामने खेळला, त्यांपैकी जवळजवळ ८० टक्के जिंकला, पण एकूण गुणांपैकी त्याच्या वाट्याला आले ते केवळ ५४ टक्के. जवळजवळ प्रत्येक दुसरा गुण गमावून जो सामने जिंकतो, त्याच्या खेळाला नुसते देवाचे देणे म्हणणे मला योग्य वाटत नाही.

नदालच्या बाबतीत 'कष्ट' हा शब्द त्याची बुद्धी झाकतो. तो उजव्या हाताने लिहितो आणि डाव्या हाताने खेळतो. डावखुऱ्याच्या फोरहँडचा चेंडू उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बॅकहँडकडे आपोआप जातो, आणि त्याला नदालइतका टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेची फिरकी, दिला की तो टप्प्यानंतर खांद्यापर्यंत उसळतो. याचा त्रास काय असतो ते मी अनुभवाने सांगू शकतो. मी इंदुरातच मुरमाच्या कोर्टावर खेळायला शिकलो. पहाटे माळी पाणी मारून रोलर फिरवीत असे, चुन्याच्या रेघा ओल्या असत आणि सात वाजेपर्यंत चेंडू गुडघ्याच्या वर येत नसे. तोच चेंडू दहाच्या सुमारास मुरूम सुकला की छातीपर्यंत चढे. अनेक वर्षे माझ्यासमोर एक डावखुरे गृहस्थ खेळत असत. पहिला सेट बहुधा माझा होई. ऊन चढले की त्यांचा फिरकी घेतलेला चेंडू माझ्या बॅकहँडला खांद्याएवढा उठू लागे, आणि एका हाताने बॅकहँड मारणाऱ्याचे त्या उंचीवर काहीच चालत नाही : कोपर वर जाते, मनगट मागे पडते आणि रॅकेटचे वजन चेंडूमागे न राहता हातावर येते. २००८ साली पॅरिसच्या लाल मातीवर, फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नदालने फेडररला ६-१, ६-३, ६-० असे हरवले, तेव्हा जगाने फेडररची हतबलता पाहिली. मला मात्र त्या उसळीमागचा विचार दिसत होता. कष्ट दोघांनीही केले होते. समोरच्याची दुखरी जागा नेमकी कोणती आणि तिथे पुन्हापुन्हा कसे जायचे, हे नदालला कळले होते.

जोकोविचला यंत्र म्हणणाऱ्यांनी २०१९ च्या विम्बल्डनचा अंतिम सामना आठवावा. पाचव्या सेटमध्ये फेडरर ८-७ ने पुढे होता, सर्व्हिस त्याची होती आणि गुण ४०-१५ होते, म्हणजे विजेतेपदाचे दोन गुण हातात होते. ते दोन्ही जोकोविचने वाचवले आणि ४ तास ५७ मिनिटांनी तो जिंकला. पूर्ण सामन्यात फेडररने २१८ गुण मिळवले होते आणि जोकोविचने २०४. पण बरोबरीत अडकलेल्या सेटचा निकाल लावणारे तिन्ही टायब्रेकर जोकोविचचे होते. कोणता गुण सोडून दिला तरी चालेल आणि कोणता प्राण गेला तरी सोडायचा नाही, हे त्याला त्या गवतावर, सगळे प्रेक्षागृह विरुद्ध असताना समजत होते. १९९९ च्या बॉम्बवर्षावात बेलग्रेडमध्ये वाढलेल्या मुलाची ही समज आहे; तिला यंत्र म्हणू नये.

माझ्या मते शैली म्हणजे समोरच्याला दिलेले उत्तर असते, आणि समोरचा बदलला की उत्तरही बदलावे लागते. नदाल नसता तर फेडररने आपली ९० चौरस इंचांची रॅकेट बहुधा शेवटपर्यंत सोडली नसती. २०१४ साली त्याने ९७ चौरस इंचांची घेतली. २०१७ च्या ऑस्ट्रेलियन अंतिम सामन्यात, वयाच्या ३५ व्या वर्षी, तो बेसलाइनला, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेला, चिकटून उभा राहिला, चेंडू खांद्यापर्यंत चढण्याआधीच बॅकहँडने सपाट मारू लागला आणि पाचव्या सेटमध्ये १-३ ने मागे असताना सलग पाच गेम घेऊन जिंकला. हा २००८ चा फेडरर नव्हता. नऊ वर्षे नदालने शिकवलेला फेडरर होता.

आपण इंदूरकर आहोत, म्हणून एक घरचे उदाहरण देतो. १९३६ साली मँचेस्टरच्या कसोटीत आपले मुश्ताक अली आणि विजय मर्चंट यांनी सलामीला २०३ धावा केल्या. मुश्ताक पुढे सरसावून फटके मारणारे, मर्चंट सरळ बॅटने एकेक चेंडू तोलून खेळणारे; मुश्ताक यांच्या ११२ झाल्या आणि मर्चंट यांच्या ११४. त्याच गोलंदाजांना दोन माणसांनी दोन तऱ्हांनी उत्तर दिले. त्यांतील एकाला देवदत्त आणि दुसऱ्याला कष्टाळू ठरवून आपल्या हाती काय लागणार?

प्रश्न : माझी तेरा वर्षांची मुलगी चांगली खेळते, पण गुण गेला की रॅकेट आपटते. तिचे बाबा म्हणतात, मॅकेन्रोही तापट होता, तरी विजेता झालाच. स्वभाव बदलायला गेलो तर खेळ बिघडेल. मला काळजी वाटते.
— एक वाचिका, रामबाग, इंदूर

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, आणि तिच्या बाबांनी मॅकेन्रोचे उदाहरण अर्धेच घेतले आहे.

१९८१ च्या विम्बल्डनमध्ये पंचांवर ओरडणारा मॅकेन्रो सर्वांना ठाऊक आहे. मात्र तोच मॅकेन्रो स्वीडनच्या ब्योर्न बोर्गसमोर सहसा तसा वागत नसे. १९८० च्या अंतिम सामन्यात तो कोर्टावर आला तेव्हा उपान्त्य सामन्यातील वर्तनामुळे प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली होती. त्यानंतर चौथ्या सेटचा टायब्रेकर १८-१६ असा, ३४ गुणांचा झाला, त्यात त्याने बोर्गचे पाच मॅच पॉइंट, म्हणजे मिळताच सामना संपेल असे गुण, वाचवले, आणि अखेर पाचवा सेट ८-६ असा हरला. या सगळ्या ताणात त्याने एकदाही ताळतंत्र सोडले नाही. बोर्गने पूर्वी एका सामन्यात त्याला जाळ्यापाशी बोलावून शांतपणे समजावले होते, असे मॅकेन्रोनेच सांगितले आहे. ज्याचा मान राखावा असे वाटले त्याच्यासमोर त्याला राग आवरता येत होता, एवढे यातून नक्की दिसते. आणि १९९० च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेत त्याने तो आवरला नाही, तेव्हा पंचांनी त्याला सामन्यातून बादच केले.

आता उरलेली अर्धी बाजू. ज्या बोर्गच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नसे, त्याला लहानपणी रॅकेट फेकण्यावरून काही महिने खेळण्यास मनाई झाली होती. फेडररने किशोरवयात प्रशिक्षण केंद्रातील नवा कोरा पडदा रॅकेट फेकून फाडला आणि शिक्षा म्हणून आठवडाभर साफसफाई केली. यांपैकी कुणाचाही खेळ शांत झाल्यामुळे बिघडला नाही. नदालला त्याचे काका टोनी यांनी पहिल्यापासून बजावले होते की, रॅकेट फोडलीस तर माझे शिकवणे संपले. बावीस ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांची विजेतेपदे, जिंकेपर्यंत त्याने ती फोडली नाही.

मुलीला स्वभाव बदल असे सांगू नका. तेरा वर्षांच्या मुलीला ते कसे करायचे हे कळणार नाही, आणि आपण मुळातच वाईट आहोत असे तिला वाटेल. तिच्या हातांना काम द्या. गुण गेल्यावर तिने मागे वळून कुंपणाकडे तोंड करावे, रॅकेट डाव्या हातात घ्यावी आणि उजव्या हाताच्या बोटांनी गटिंगच्या सरकलेल्या तारा एकेक करून सरळ कराव्यात. दोन गुणांमध्ये सुमारे २५ सेकंद मिळतात, तेवढ्यात आठ-दहा तारा होतात. मोठमोठे खेळाडू हेच करताना दिसतात, आणि ते उगीच करीत नाहीत. शिवाय नियमही तिला स्पष्ट समजावून सांगा : आपटण्याबद्दल पहिल्यांदा ताकीद मिळते, दुसऱ्यांदा एक गुण जातो, त्यानंतर अख्खा गेम जातो. २०२० च्या अमेरिकन स्पर्धेत जोकोविचने वैतागून मागे टोलवलेला चेंडू रेषेवरच्या पंच बाईंच्या गळ्याला लागला आणि त्या वेळचा अव्वल क्रमांकाचा खेळाडू चौथ्या फेरीतच बाहेर गेला. मनात वाईट हेतू नव्हता, तरी शिक्षा टळली नाही. तिला हे सांगा, पण हरून आलेल्या संध्याकाळी सांगू नका.

प्रश्न : सॅम्प्रसचा खेळ कंटाळवाणा होता आणि अगासीचा रंगतदार, असे सगळेच म्हणतात. आपण दोघांना कसे पाहता?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : सॅम्प्रसचा गुण दोन-तीन फटक्यांत संपत असे आणि त्याचा चेहरा कोरा असे, म्हणून तो कंटाळवाणा ठरला. १९९५ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेत जिम कुरियरविरुद्ध खेळताना आपल्या प्रशिक्षकाच्या आजारपणाच्या आठवणीने तो कोर्टावर रडला आणि रडत-रडतच एस, म्हणजे समोरच्याची रॅकेटही न लागणाऱ्या सर्व्हिस, मारीत जिंकला. त्यानंतर त्याला भावनाहीन म्हणण्याचा अधिकार कुणालाही उरला नव्हता. उलट रंगीबेरंगी कपड्यांतल्या अगासीने २००९ साली आत्मचरित्रात लिहिले की, त्याला टेनिसचा तिटकारा होता. दोघांना एकत्र पाहायचे असेल तर २००१ च्या अमेरिकन स्पर्धेचा उपान्त्यपूर्व सामना पाहा. चार सेट झाले, चारही टायब्रेकरवर संपले, आणि संपूर्ण सामन्यात एकाचीही सर्व्हिस दुसऱ्याला भेदता आली नाही. जगातील सर्वोत्तम सर्व्हिस आणि जगातील सर्वोत्तम परतीचा फटका समोरासमोर आले की काय होते, ते त्या रात्रीइतके स्वच्छ मी पुन्हा पाहिले नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. आक्रमक खेळणारी माणसे स्वभावानेही आक्रमक असतात का? मला नवरातिलोवा आणि ख्रिस एव्हर्ट यांच्याबद्दल विशेष कुतूहल आहे, कारण आमच्या तरुणपणी त्या दोघींचीच चर्चा असे.
— एक वाचिका, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : आपण ज्या दोघींची नावे घेतली, त्यांच्याइतके चांगले उत्तर या प्रश्नाला दुसरे नाही. १९७३ ते १९८८ या काळात त्या एकमेकींशी ८० सामने खेळल्या. मार्टिनाने ४३ जिंकले आणि ख्रिसने ३७. एकेरीची ग्रँड स्लॅम दोघींचीही अठरा-अठरा.

मार्टिना डावखुरी, सर्व्हिस करून जाळ्यावर धावून जाणारी. ख्रिस मागे बेसलाइनवर उभी, दोन हातांचा बॅकहँड, चूक न करता चेंडू परत करीत राहणारी. खेळावरून कुणीही म्हणेल की पहिली कठोर आणि दुसरी मवाळ. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी होती. मार्टिना हळवी होती, तिचा आनंद आणि संताप दोन्ही चेहऱ्यावर दिसत, आणि अठराव्या वर्षी, १९७५ साली, घरदार व देश सोडून अमेरिकेत आश्रय घेतल्यानंतर प्रेक्षकांनी आपल्याला आपले म्हणावे अशी ओढ तिला दीर्घकाळ होती. आणि शांत दिसणाऱ्या ख्रिसमध्ये दया नव्हती. मातीच्या कोर्टावर तिने १९७३ ते १९७९ दरम्यान सलग १२५ सामने जिंकले. असा विक्रम मवाळ माणसाच्या हातून होत नाही. १९८१ साली एका अंतिम सामन्यात तिने मार्टिनाला, आपल्या मैत्रिणीला, ६-०, ६-० असे हरवले.

त्या पराभवानंतर जे घडले ते मला या दोघींच्या कथेतील सर्वांत मोलाचे वाटते. मार्टिनाने आपले शरीर नव्याने घडवले. धावणे, वजने उचलणे, आहार मोजून घेणे हे त्या काळी महिला टेनिसमध्ये कुणी इतक्या शिस्तीने केले नव्हते. त्यानंतर तिने ख्रिसला सलग १३ सामन्यांत हरवले. आता बदलण्याची पाळी ख्रिसची होती. तिशीला आलेल्या, सगळे मिळवून झालेल्या त्या बाईने लाकडी रॅकेट सोडून ग्रॅफाइटची घेतली, व्यायामशाळेत जाऊ लागली, आणि कधी नव्हे ती जाळ्याकडे पुढे येऊ लागली. १९८५ साली पॅरिसच्या अंतिम सामन्यात तिने मार्टिनाला ६-३, ६-७, ७-५ असे नमवले, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. १९७४ पासून १९८६ पर्यंत सलग तेरा वर्षे दरवर्षी किमान एक ग्रँड स्लॅम तिच्या नावावर आहे. यातील शेवटची दोन वर्षे मार्टिनाशिवाय आली असती असे मला वाटत नाही.

अशा दोन बायका सामन्याआधी एकाच खोलीत बसत, अनेकदा एकमेकींबरोबर सराव करीत, आणि सामना संपल्यावर जिंकलेली हरलेलीचे सांत्वन करी. पुढे दोघींनाही कर्करोग झाला, तेव्हाही त्या एकमेकींच्या सोबत होत्या. बाई, आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर 'नाही' असे आहे. खेळाची पद्धत माणसाच्या उंचीवरून, हातावरून, लहानपणी मिळालेल्या कोर्टावरून ठरते. ख्रिस फ्लोरिडात वडिलांच्या हाताखाली मातीच्या कोर्टावर वाढली, म्हणून ती मागे उभी राहिली. विम्बल्डनचेच पाहा : २००१ साली तिथल्या गवताचे मिश्रण बदलून पूर्णपणे राय गवत लावले गेले, चेंडू अधिक उंच व भरवशाने उसळू लागला, आणि २००२ च्या पुरुषांच्या अंतिम सामन्यात बेसलाइनवर खेळणारे दोघेजण समोरासमोर आले. इंग्रज माळ्यांनी गवत बदलले म्हणून खेळाडूंचे स्वभाव बदलले असे कुणी म्हणणार नाही.

प्रश्न : मी नववीत शिकतो. मला अल्काराझ आणि सिनर आवडतात. माझे आजोबा म्हणतात की रामनाथन कृष्णन यांच्या हातात जी जादू होती ती आजच्या कुणातही नाही. त्यांचा खेळ कसा होता? ते आज जिंकले असते का?
— एक विद्यार्थी, देवास

उत्तर : तुझे आजोबा जे सांगतात त्यात बरेच तथ्य आहे. कृष्णन १९६० आणि १९६१ अशी सलग दोन वर्षे विम्बल्डनच्या उपान्त्य फेरीत पोचले. पहिल्या वर्षी नील फ्रेझरने आणि दुसऱ्या वर्षी रॉड लेव्हरने त्यांना हरवले, आणि दोघेही त्या-त्या वर्षी विजेते ठरले. एकेरीत विम्बल्डनची उपान्त्य फेरी त्यानंतर कुणाही भारतीयाला गाठता आलेली नाही.

त्यांची सर्व्हिस साधी होती, फटक्यांत ताकद बेताची होती. त्यांचे बळ होते चेंडू कुठे ठेवायचा यात. समोरचा जोरात मारी, ते त्याचाच वेग वापरून चेंडू अशा कोपऱ्यात सरकवीत की त्याला दोन पावले कमी पडत. त्यांचे चिरंजीव रमेश यांनीही असाच खेळ केला आणि १९८९ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेत, त्या वेळी अव्वल क्रमांकावर असलेल्या मॅट्स विलँडरला हरवले. विजय अमृतराज यांची तऱ्हा निराळी : उंचपुरा देह, मोठी सर्व्हिस, जाळ्यावर धाव. १९७९ च्या विम्बल्डनमध्ये त्यांनी बोर्गविरुद्ध दोन सेट एक अशी आघाडी घेतली होती. त्या दिवशी ते जिंकले असते तर बोर्गची सलग पाच विजेतेपदे झालीच नसती.

आज कृष्णन जिंकले असते का, या प्रश्नात एक अडचण आहे. लाकडी रॅकेटचा चेहरा आजच्या रॅकेटच्या जेमतेम दोनतृतीयांश असे, आणि आजच्या पॉलिएस्टरच्या तारांमुळे चेंडूला जी फिरकी मिळते ती त्या काळी कुणालाच मिळत नव्हती. तेव्हाचा खेळाडू उचलून आज आणायचा तर त्याला आजची रॅकेट आणि आजचे बालपणही द्यावे लागेल, आणि मग तो कृष्णन उरणार नाही. त्यापेक्षा तू अल्काराझचा ड्रॉप शॉट बघ. समोरच्याला मोठ्या फोरहँडची भीती घालून मागे रेटायचे आणि शेवटच्या क्षणी हात सैल सोडून चेंडू जाळ्यालगत टाकायचा, यात कृष्णन यांच्या खेळाची खूण तुला सापडेल. २०२५ च्या पॅरिसच्या अंतिम सामन्यात सिनरकडे तीन मॅच पॉइंट होते. ते वाचवून अल्काराझ ५ तास २९ मिनिटांनी जिंकला, हे तू पाहिलेच असशील.

तसाच एक सामना आजोबांच्या पिढीचा आहे. १९६६ साली कलकत्त्याला डेव्हिस चषक या देशादेशांतील सांघिक स्पर्धेत भारत आणि ब्राझील बरोबरीत होते आणि शेवटच्या सामन्यात कृष्णन यांच्यासमोर डावखुरा थॉमस कॉख होता. कृष्णन दोन सेट एकने मागे होते, आणि चौथ्या सेटमध्ये २-५ ने. तिथून त्यांनी तो सेट घेतला, मग पाचवाही घेतला, आणि भारत पहिल्यांदाच अंतिम लढतीसाठी ऑस्ट्रेलियाला गेला. त्या दिवसाची काही आठवण आजोबांना आहे का ते त्यांना विचार, आणि असेल तर त्यांच्याच शब्दांत लिहून पाठव. पुढच्या अंकात या सदरात ती छापू.